उलटणाऱ्या गाईची जनुकीय चाचणी? आधी वळूचा कागद बघा

प्रश्न : दोन संकरित गाई तीन-तीनदा भरवूनही उलटल्या, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आल्या. वळूच्या वीर्याच्या कांड्या विकणारा म्हणतो, शेपटीच्या केसांवरून जनुकीय चाचणी करा. कोणती गाभण राहील, कोणती जास्त दूध देईल ते कळतं. करावी का?

उत्तर : उलटणाऱ्या गाईसाठी नाही. गाई-गाईंमधल्या दुधाच्या फरकात जनुकांचा वाटा ढोबळमानाने ३० टक्के, गाभण राहण्यात तो ५ टक्क्यांच्याही आत. बाकीचं माज, रेतनाची वेळ, गर्भाशय आणि खुराकावर.

एका जनुकावरून दूध आणि गर्भ दोन्ही सांगतो म्हणणाऱ्याचं ऐकू नका. डीजीएटी-१ या जनुकाच्या एका प्रकाराने फॅट वाढते, पण दूध घटतं. विक्रेता फॅटवरच थांबतो. उत्तर युरोपातल्या नॉर्डिक लाल गाईंत १२व्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला सापडला. तो दोष एका पालकाकडून आला तर दूध वाढतं, दोघांकडून आला तर गर्भच मरतो. दुधासाठी वळू निवडता निवडता हा दोष कळपांत पसरला. आणि दुधातल्या प्रथिनाचा प्रकार सांगणाऱ्या ए-१, ए-२ चाचणीचा गाभण राहण्याशी काडीचा संबंध नाही, कितीदा सांगायचं!

हजारो जनुकीय खुणा एकदम तपासणारी चाचणी, म्हणजे चिप, चांगली, पण ज्या जातीच्या नोंदींवर तिचं भाकीत बसवलंय त्याच जातीपुरती. निव्वळ होल्स्टीनच्या आकड्यांवरून संकरित गाईला दिलेल्या गुणांवर गाय विकू नका, घेऊही नका.

खुणांचा खरा उपयोग वळू निवडताना. होल्स्टीनमध्ये एचएच-१ हा गर्भ मारणारा जनुकीय दोष आहे. वळू आणि गाय दोन्ही वाहक (स्वतः निरोगी, पण दोष पुढे देणारे) असतील तर सरासरी चारातला एक गर्भ जगत नाही. म्हणून वळूचा दोष-तपासणीचा कागद मागा. नसेल तर कांडी परत. प्रत्येक रेतनाला वळूचा क्रमांक वहीत लिहा. बापाचीच कांडी लेकीला जाते ती वही नसल्यामुळे. चाचणीआधी वही, हे माझं ठाम मत.

आता या दोन गाईंचं. चौथ्यांदा भरवण्याआधी पशुवैद्यकाकडून गर्भाशय तपासा. बळस (माजात योनीतून येणारा चिकट स्राव) गढूळ असेल तर त्या माजाला भरवू नका. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. विक्रेत्याच्या सोयीची वेळ नको. एका वेळी दोन कांड्या भरून चुकलेली वेळ भरून निघत नाही. दुकानदाराच्या सांगण्यावरून माजाचं इंजेक्शन तर अजिबात नको: गाय गाभण असेल तर त्यातल्या प्रोस्टाग्लँडिन या संप्रेरकाने गाभडते. पुन्हा सांगतो, तपासणीशिवाय इंजेक्शन नाही, दुप्पट मात्रा तर नाहीच.

सरकारी योजनेतून चाचणी किंवा लिंगवर्गीकृत कांडी (बहुतेक कालवडीच होतील अशी) मिळत असेल तर कानातला बिल्ला आणि नोंदी तयार ठेवा. अटी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. मात्र साध्या कांडीत साधारण २ कोटी शुक्राणू असतात, लिंगवर्गीकृत कांडीत २० ते ४० लाखच. ती निरोगी कालवडीला द्या, या दोघींना नको.