वॉर्डात पहिलं पोस्टिंग लागलंय, इन्फेक्शन कंट्रोलचं नेमकं काय सांभाळू?

जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) पहिल्या वर्षाला आहात, हात कधी-कधी धुवायचे ते पाच प्रसंग पाठ आहेत, पण पेशंटपुढे उभं राहिलं की गोंधळ होतो, असं तुम्ही लिहिलंय. मी खानापूरकडची, बेळगावात स्टाफ नर्स आहे. माझं पहिलं सांगणं: ग्लोव्हजवर विसंबू नका.

शिकत असताना मी ग्लोव्हज घालून एका आजोबांची युरिन बॅग रिकामी केली. त्याच हातांनी पडदा सरकवला आणि शेजारच्या बाईंच्या सलाइनला हात घालणार, तेवढ्यात इन्चार्ज सिस्टरांनी माझं मनगट धरलं. "तुझा हात वाचला गं, त्यांचं काय?" ग्लोव्हज एका पेशंटच्या एका कामापुरते. काढले की लगेच हात स्वच्छ करायचे, ग्लोव्हज होते म्हणून ते चुकत नाही.

त्या पाच प्रसंगांपैकी शेवटचा, पेशंटच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यानंतरचा, सगळ्यात जास्त राहून जातो. पेशंटला हात लावलाच नाही, नुसता बेडचा कठडा धरला, उशी सारखी केली, तरीही हात स्वच्छ करायचेच. सॅनिटायझर २० ते ३० सेकंद चोळा. हात मळलेले दिसले किंवा पेशंटला जुलाब होत असतील तर साबण-पाणीच, ४० ते ६० सेकंद. जुलाबाच्या काही जंतूंचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातली सुप्त रूपं, अल्कोहोलने मरत नाहीत. अंगठा आणि बोटांची टोकं हमखास कोरडी राहतात, तिथं मुद्दाम लक्ष द्या.

अंगठी, काकणं ड्युटीवर नकोत. नवीन लग्न झालेल्या मुलींना हिरवी काकणं काढताना जड जातं, मला कळतं ते. पण त्यांच्याखाली ओल आणि मळ अडकून राहतो. घरच्यांना आधीच समजावून सांगा.

सुईला टोपण परत लावू नका, थेट सुया-धारदार वस्तूंच्या पांढऱ्या डब्यात टाका. टोचलीच तर दाबून रक्त काढत बसू नका; साबण-पाण्यानं धुवा आणि लाजून न लपवता त्याच क्षणी सांगा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं लागली तर जितक्या लवकर तितकं बरं, ७२ तासांनंतर उपयोग नाही. हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस पोस्टिंगआधीच सुरू करा.

नातेवाइकांनाही सांगत जा. आमच्याकडे गोकाक, अथणीची कन्नड बोलणारी माणसं खूप येतात. "कै तोळ्कोरी" (हात धुवा) एवढं जरी त्यांच्या भाषेत म्हटलं तरी आजीबाई पदर खोचून बेसिनकडे निघतात.