बोलवेर्क म्हणजे गोल काम का?

प्रश्न: डचमधला ‘बोलवेर्क’ हा शब्द बोल म्हणजे गोळा आणि वेर्क म्हणजे काम असा बनलाय का? आणि रुंद रस्त्याला म्हणतात त्या ‘बुलेव्हार्ड’शी त्याचं खरंच नातं आहे?

उत्तर: वेर्क म्हणजे काम हे बरोबर, पण बोलमधे गोळा नाहीये. हा जुना बोल म्हणजे झाडाचं खोड किंवा जाड फळी, इंग्रजीत खोडाला बोल म्हणतात तो याचाच भाऊ. म्हणजे बोलवेर्क हे ओंडके-फळ्यांचं बांधकाम, शत्रूला अडवायला उभारलेलं.

नातं तर पक्कं आहे आणि मला ते फार आवडतं! फ्रेंचांनी हाच शब्द मध्ययुगीन डचमधून उचलला, बोलता बोलता त्याचा बुलेव्हार्ड झाला, पण अर्थ तटबंदीचाच, मग 1670 मधे चौदाव्या लुईने पॅरिसची तटबंदी पाडायला लावली आणि त्या जागी झाडं लावलेले रुंद रस्ते आले, नाव मात्र जुनंच चिकटून राहिलं. इंग्रजीतला बुलवर्क (म्हणजे तटबंदी) याच घरातला.

आणि डचांनी पुढे बुलेव्हार्ड परत घेतला, आता त्यांच्याकडे समुद्रकाठचा फिरायचा रस्ता म्हणजे बुलेव्हार्ड. पण हार्लेम या डच शहरामधे जुन्या तटबंदीवरच्या बागेला अजून बोलवेर्कनच म्हणतात.