हॅटट्रिकमधली टोपी कोणाची?

"सलग तिसऱ्यांदा निवडून आले की बॅनरवर 'विजयाची हॅटट्रिक' लिहितात, पण त्यात टोपीचा काय संबंध, आणि ट्रिक म्हणजे तर लबाडी ना?" असं विचारलं तुम्ही. भाऊ, प्रश्न एक नंबर. मराठीत 'टोपी घालणे' म्हणजे सरळ सरळ फसवणे, त्यात वरून ट्रिक, म्हणजे बॅनर छापणारा भलतंच खरं बोलून गेला की काय असं वाटणारच.

पण ही टोपी खरोखरची आहे. १८५८ साली इंग्लंडात शेफिल्डच्या हाइड पार्क मैदानावर एच. एच. स्टीफन्सन या बॉलरने लागोपाठ तीन बॉलवर तीन विकेट काढल्या, तर लोकांनी वर्गणी केली आणि त्या पैशातून त्याला टोपी घेऊन दिली. शब्दाचं मूळ तिथलंच सांगतात. ट्रिक म्हणजे इथे लबाडी नाही, करामत. (तीन-दोन-पाचमध्ये आपण 'हात' काढतो ना, त्यालाही इंग्रजीत ट्रिकच म्हणतात.) जादूगार टोपीतून ससा काढतो म्हणून हॅटट्रिक, हे काही जण छातीठोक सांगतात, मला नाही पटत.

आपल्याकडे टोपी गेली पण वर्गणी राहिली. सोयाबीन निघालं की रिकाम्या वावरात टेनिस बॉलचे सामने, त्याचं पॉम्प्लेट बघा, वर मोठ्या अक्षरात पहिलं बक्षीस, दुसरं बक्षीस आणि खाली बारीक अक्षरात 'हॅट्रिक विकेट ५०१ रु.', बाजूला कोण्या कृषी केंद्रवाल्याचं नाव. आमच्या गावी एका पोट्ट्याने ओव्हरच्या शेवटच्या दोन बॉलवर दोन काढले आणि आपल्या पुढच्या ओव्हरच्या पहिल्याच बॉलवर तिसरा, तर कमिटी म्हणे ओव्हर बदलली, हे काही हॅट्रिक नोहे. अर्धा तास मॅच बंद, पैसे काही भेटले नाहीत, म्हणजे पोट्ट्याला टोपी मिळाली पण आपली मराठीवाली.

कमिटी साफ चूक होती. बॉल त्याच बॉलरचे लागोपाठ पाहिजेत, मधात ओव्हर बदलली तरी चालते. २०१७-१८ च्या रणजी फायनलमध्ये इंदूरला आपल्या रजनीश गुरबानीची दिल्लीविरुद्धची हॅटट्रिक अशीच दोन ओव्हरमध्ये वाटलेली होती, तिघंही बोल्ड, आणि विदर्भ पहिल्यांदा रणजी जिंकला तो तेव्हाच. वर्ल्ड कपमधली पहिली हॅटट्रिक तर नागपूरचीच, १९८७, चेतन शर्मा, समोर न्यूझीलंड, तेही तिघं बोल्ड.

फुटबॉलमध्ये मात्र एकाच खेळाडूने एका मॅचमध्ये तीन गोल केले की झालं, मधात दुसऱ्या कोणी गोल मारला तरी बिघडत नाही. म्हणजे 'लागोपाठ' ही अट क्रिकेटची, आणि मराठीने शब्द उचलला तो क्रिकेटमधून, त्यामुळे आपल्या कानाला सलगच पाहिजे. क्रियापदाचं म्हणाल तर पेपरवाले हॅटट्रिक 'साधतात', पोट्टे 'मारतात', आणि दोनवर अडकली की दोघांचीही 'हुकते'.

तर तुमच्या बॅनरवाल्यांचं बरोबर आहे, फक्त मधात एखाद्या वेळी पडले नव्हते ना तेवढं विचारून घ्या.