इंजिनीअरिंगच्या वर्गात गणित शिकवायला जाताय?

व्याख्या, प्रमेय, सिद्धता असा क्रम पहिल्याच तासाला लावलात, तर मागचे बाक लगेच गळतात. डिफरन्शियल इक्वेशनला (बदलाचा दर असलेल्या समीकरणाला) हात घालण्याआधी फळ्यावर गाडीचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर काढा: वस्तुमान, स्प्रिंग, डॅम्पर (हेलकावे शमवणारा भाग). मग त्याच्या गतीच्या समीकरणातून मिळणाऱ्या सहायक (वर्ग) समीकरणाची मुळं काढायला लावा. मुळं वास्तव आणि वेगळी आली तर गाडी न हेलकावता सावकाश स्थिरावते, संमिश्र आली तर हेलकावे घेत शांत होते. समान आली की हेलकावे टाळून लवकरात लवकर जागेवर. डॅम्परचा गुणांक बदलून आलेख त्यांनाच काढू द्या, इथे वेळ गेला तरी चालेल.

अनुनाद (बाहेरच्या झोक्यांची लय वस्तूच्या स्वतःच्या लयीशी जुळून हेलकावे वाढणं) शिकवताना १९४० साली कोसळलेल्या अमेरिकेतल्या टाकोमा नॅरोज पुलाचा दाखला सर्रास देतात. तो टाळा. तिथे वाऱ्यातून ऊर्जा घेत पुलाचा पीळ आपणहून वाढत गेला, तो साधा अनुनाद नव्हता. एखादं चौकस पोर तुम्हाला नेमकं तिथेच पकडेल!

सिद्धता मात्र सरसकट गाळू नका. अवकलजाचं (डेरिव्हेटिव्हचं) लाप्लास रूपांतर, म्हणजे डिफरन्शियल इक्वेशनला साध्या बीजगणितात आणणारी पद्धत, खंडशः संकलनाने एकदा करून दाखवाच. प्रारंभिक अटी समीकरणात कुठून शिरतात ते तिथेच कळतं. आणि उत्तराखाली एकक लिहिलं नसेल तर गुण कापा, बिनधास्त.