लोकलहोस्टवर वेबहुक कसा टेस्ट करायचा?
पेमेंटचा वेबहुक (पेमेंट झालं की पेमेंट कंपनीचा सर्व्हर तुमच्या ॲपला आपणहून पाठवतो ती रिक्वेस्ट) तुमच्या लोकलहोस्टवर येत नाही, कारण समोरच्या सर्व्हरसाठी लोकलहोस्ट म्हणजे तो स्वतःच. त्याला पब्लिक यूआरएल हवी. लोकल ॲपला अशी यूआरएल देणारं एनग्रॉक किंवा क्लाउडफ्लेअर टनेल चालू करा, ॲपचा पोर्ट द्या (समजा ३०००) आणि मिळालेल्या एचटीटीपीएस यूआरएलपुढे तुमचा पाथ जोडून ती पेमेंट कंपनीच्या डॅशबोर्डमध्ये टाका.

एनग्रॉक असेल तर ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचा पोर्ट ४०४० नक्की उघडा. आलेली प्रत्येक रिक्वेस्ट हेडर-बॉडीसकट दिसते, आणि रिप्ले दाबलं की तीच पुन्हा ॲपवर येते. कोड बदलला म्हणून दरवेळी नवं पेमेंट करत बसायला नको.

खरी गोची होते ती सिग्नेचरपाशी (रिक्वेस्ट खरंच पेमेंट कंपनीकडूनच आली, हे तपासायची खूण). ती कच्च्या, म्हणजे आली तशीच असलेल्या बॉडीवर काढलेली असते. जेसन पार्स करून परत स्ट्रिंग केलंत आणि एक स्पेस जरी इकडची तिकडे झाली, तरी जुळत नाही. एक्सप्रेसमध्ये (नोडचं वेब फ्रेमवर्क) त्या रूटला जेसनऐवजी रॉ पार्सर लावा. स्ट्राइप या पेमेंट कंपनीचं सीएलआय (कमांड लाइन टूल) वापरत असाल तर सिग्नेचर तपासायला टर्मिनलवर छापून येणारं सीक्रेट घ्या, डॅशबोर्डवरचं चालणार नाही. स्ट्राइपच्या लायब्ररी ५ मिनिटांहून जुनी सिग्नेचर नाकारतात, त्यामुळे जुनी रिक्वेस्ट रिप्ले केलीत आणि एरर आली तर कोडला दोष देऊ नका.