वर्डस्वर्थचं घर आधी पब होतं का?

प्रश्न : शाळेत इंग्रज कवी वर्डस्वर्थची डॅफोडिल्सची कविता पाठ केली होती. आता मुलगी मँचेस्टरला असते, मे महिन्यात आम्ही दोघं जाणार आहोत, ती म्हणते वर्डस्वर्थचं दगडी घर बघू. जावई म्हणतात तिथे आधी दारू मिळायची. खरं का हो? – एक वाचक, सातारा

उत्तर : जावई बरोबर सांगतायत. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या ग्रासमियर गावातलं हे घर, म्हणजे आजचं डव्ह कॉटेज, अँबलसाइडहून केसविकला जाणाऱ्या जुन्या रस्त्यालगत, आणि 1617 च्या पबच्या यादीत त्याचं नाव आहे, डव्ह अँड ऑलिव्ह. 1793 ला पब बंद पडला. डिसेंबर 1799 ला विल्यम वर्डस्वर्थ आणि त्याची बहीण डोरोथी भाड्याने राहायला आले तेव्हा ते त्याला डव्ह कॉटेज म्हणतच नव्हते, ते नाव पबच्या आठवणीने नंतर पडलं.

मला या घराचं सगळ्यात आवडतं ते हे की पबच्या खुणा कोणी पुसल्या नाहीत. खालची लाकडी फळ्या लावलेल्या भिंतींची अंधारी खोली, जिथे लोक प्यायला बसायचे, तीच घराची बैठक झाली. मागच्या कोठीच्या फरशीखालून ओढा वाहतो त्यामुळे दूध-लोणी थंड राहायचं. वरच्या एका गारठलेल्या खोलीच्या भिंतींना डोरोथीने वर्तमानपत्रं चिकटवली, आपण फडताळात कागद घालतो ना तसं, पण थंडी अडवायला! आणि त्याच घरात राहताना विल्यमचं लग्न झालं, तीन मुलं झाली, माणसं मावेनात म्हणून 1808 ला दुसरीकडे गेले.

मग इंग्रज लेखक थॉमस डी क्विन्सी राहायला आला, त्याने घर पुस्तकांनी भरलं आणि बागेतली डोरोथीची लाडकी शेवाळी झोपडी पाडून टाकली, डोरोथी फार दुखावली, आणि मला तिचंच बरोबर वाटतं, डोंगरातून रानफुलं आणून लावलेली बाग होती ती! शेवटी 1890 मध्ये वर्डस्वर्थप्रेमींनी 650 पौंडांना घर विकत घेतलं आणि 1891 पासून ते म्युझियम आहे.

एक मात्र सांगते, कवितेतली डॅफोडिल्सची फुलं या घराजवळची नव्हेत, अल्सवॉटर तलावाकाठी 15 एप्रिल 1802 ला दोघा भावंडांनी बघितली, कविता दोन वर्षांनी लिहिली. मे मध्ये ती बहुतेक सरलेली असतात, तिकिटं अजून काढली नसतील तर एप्रिलमध्येच जा.