भाताच्या खाचरात मका घेण्यापूर्वी

भात कापून झाल्यावर त्याच खाचरात मका घेण्याचा तुमचा विचार चांगला आहे. मात्र सगळ्या शेताला एकच माप लावू नका. कोकणात उताराच्या वरच्या अंगाला मुरमाड, उथळ जांभी जमीन असते, पायथ्याच्या मळ्यात गाळाची खोल माती असते आणि खाडीलगत खारट जमीन लागते, त्यामुळे एकाच मालकाच्या तीन तुकड्यांत मक्याचे उत्पन्न बरेच वेगळे येते. म्हणून माती परीक्षणाचे नमुने तुकड्यागणिक वेगळे काढा. जांभी माती आम्लधर्मी असून तिच्यातील लोह व ॲल्युमिनियम स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवतात, तेव्हा स्फुरदाचे खत शेतभर न विस्कटता बियाण्याच्या ओळीशेजारी मातीआड द्या.

मशागतीत खरी अडचण चिखलणीची, म्हणजे भातलावणीपूर्वी पाणी भरून केलेल्या चिखलाची आहे. दरवर्षीच्या चिखलणीने नांगराच्या तासाखाली घट्ट थर बसतो. हंगामाच्या मध्यावर मक्याचे एखादे ताट खणून पाहा. मुळे खाली जाण्याऐवजी आडवी पसरलेली दिसली, तर तो थर तिथेच आहे असे समजा. असे ताट पाण्याची पाळी थोडी लांबली तरी कोमेजते. नुसता रोटाव्हेटर फिरवल्याने हा थर फुटत नाही. वाफसा आल्यावर, म्हणजे माती फार ओली नाही आणि फार कोरडीही नाही अशी झाल्यावर, आणि माती खोल असेल तिथेच, खोल नांगरट करा. ओल्या मातीत नांगर घातल्यास ढेकळे वाळून दगडासारखी होतात व उगवण विरळ होते. उताराच्या वरच्या अंगाच्या उथळ वरकस (हलक्या) जमिनीत मात्र खोल नांगरटीने मुरूम वर येतो, म्हणून तिथे हलकी मशागत, भरपूर शेणखत आणि पेंढ्याचे आच्छादन मला अधिक योग्य वाटते.